कुर्दांची ओळख केवळ युद्धाच्या बातम्यांतून नको

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मराठी वृत्तपत्रांत कुर्द समाज येतो तो बहुधा तुर्कस्तान, इराक, इराण वा सीरियातील संघर्षाच्या बातम्यांतून. या चार देशांत विभागलेला आणि पुढे जर्मनी, स्वीडनपर्यंत पांगलेला हा समाज कापडातून स्वतःविषयी जे सांगतो आहे, तेही आपण छापावे, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

हा वारसा मोठा आहे. इराणातील बिजारचे कुर्दी विणकर गालिच्याचा बाणा (आडवा धागा) भिजवून लोखंडी अवजाराने ठोकून बसवतात, म्हणून तो इतका घट्ट होतो. बाजारात मात्र तो सरसकट ‘पर्शियन’ ठरतो. इराकमध्ये अर्बिलच्या किल्ल्यात कुर्दी वस्त्रांचे संग्रहालय २००४ मध्ये उभे राहिले, ही समाधानाची बाब आहे.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते देशांतर केलेल्या पिढीचे काम. १९८१ मध्ये बगदादला जन्मलेल्या हेव कहरमान या कुर्दी चित्रकर्तीच्या कुटुंबाने त्यांच्या लहानपणीच इराक सोडून स्वीडन गाठले. सोबतच्या मोजक्या सामानात खजुरीच्या पात्यांचा विणलेला पंखा, ‘महफ्फा’, होता. पुढे त्यांनी स्वतःच रंगवलेले लिननचे कॅनव्हास कापून त्यांत त्याच विणीने पट्ट्या गुंफल्या. चित्रांतील स्त्रिया युरोपीय प्रबोधनकाळाची, पर्शियन लघुचित्रांची आणि जपानी छापचित्रांची आठवण देतात. महफ्फा काही केवळ कुर्दांचा नव्हे, तो साऱ्या इराकचा. तरीही तो आपलाच मानण्यात त्यांना संकोच नाही, आणि ‘अस्सल कुर्दी’ काय याची कसोटी लावत बसण्यापेक्षा ही भूमिका मला कितीतरी प्रामाणिक वाटते.

तुर्कस्तानातील दियारबाकिरच्या कुर्दी चित्रकर्ती आणि पत्रकार झेहरा दोआन यांची कथा वेगळी. उद्ध्वस्त नुसायबिन शहराच्या चित्रामुळे त्यांना तुर्कस्तानात पावणेतीन वर्षांहून अधिक शिक्षा झाली. तुरुंगात रंग मिळेनात, तेव्हा चादरी आणि अंगावरचे कपडे हाच त्यांचा कॅनव्हास झाला, कॉफी आणि मासिक पाळीचे रक्त हा रंग. आणि ही चित्रे मळक्या धुण्याच्या कपड्यांतून बाहेर गेली. २०१९ मध्ये सुटका झाल्यावर त्याच वर्षी लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात झेहरा यांची मांडणी-कलाकृती (इन्स्टॉलेशन) प्रदर्शित झाली.

आपल्या रविवार पुरवणीत या दोघींवर सविस्तर, सचित्र लेख यावेत आणि त्यांचा परिचय देताना त्यांच्या कुर्दी असण्याचा उल्लेख आवर्जून करावा.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर