उतरत्या विमानाचा आवाज केवळ इंजिनाचा नव्हे

महोदय,

विमानांच्या आवाजाचा विषय निघाला की दोष इंजिनांना दिला जातो. उड्डाणाच्या वेळी ते योग्यच आहे. मात्र मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानांबाबत ती समजूत अपुरी आहे. घाटकोपर स्थानकापासून ही धावपट्टी सुमारे तीन किलोमीटरवर असल्याने, नेहमीच्या तीन अंशांच्या उताराने येणारे विमान आमच्या डोक्यावरून पावणेदोनशे मीटरच्या आसपास उंचीने जाते. गच्चीत उभे राहून नीट कान दिला, तर इंजिनाच्या घरघरीसोबत जाड कापड टरकावल्यासारखा आवाज वेगळा ऐकू येतो. उतरताना इंजिनांचा जोर कमी केलेला असतो. हा वेगळा आवाज पंखांचे उघडलेले फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपा) आणि खाली आलेले लँडिंग गिअर, म्हणजे चाकांचा सांगाडा, यांच्यावरून वेगाने वाहणाऱ्या हवेचा असतो.

जाड खांब, तिरप्या दांड्या, चाके, ब्रेकच्या नळ्या आणि वायरी अशा या चाकांच्या सांगाड्याच्या प्रत्येक भागामागे हवेचे भोवरे सुटतात आणि ते मागच्या भागांवर आदळतात. मोठ्या चाकांमुळे खर्जातला, तर नळ्या-वायरींमुळे वरच्या पट्टीतला आवाज उठतो. ही ध्वनिशक्ती वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढते, म्हणजे वेग दहा टक्क्यांनी घटला तरी ती जवळपास निम्म्यावर येते. परंतु सुरक्षिततेमुळे वेग हवा तेवढा कमी करता येत नाही, त्यामुळे उपाय सांगाड्याच्या घडणीतच शोधावा लागतो.

त्यासाठी आवाजाचे भाकीत आधी गणिताने करता यायला हवे, आणि खरी कसोटी तिथेच लागते. सांगाड्यावरील हवेचा सरासरी रोध काढणे त्या मानाने सोपे. आवाज मात्र क्षणोक्षणी बदलणाऱ्या दाबातून जन्मतो आणि प्रवाहाच्या एकूण ऊर्जेत त्याचा वाटा अत्यल्प असतो. ही गणिते पडताळण्यासाठी चार चाकांचे एक मुद्दाम सोपे केलेले लँडिंग गिअर जगभरच्या संशोधकांनी वापरले. त्याच्या दांड्या चौकोनी ठेवल्या होत्या, जेणेकरून हवेचा प्रवाह दांडीपासून ठरलेल्या जागी, म्हणजे कोपऱ्यावरच, सुटावा. त्या प्रतिकृतीची विंड टनेलमधील (वेगाने हवा सोडलेल्या चाचणी-बोगद्यातील) मोजमापे बेंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजमध्ये झाली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

या अभ्यासाला फळही येते. लँडिंग गिअरवर बारीक छिद्रांची आवरणे, चाके आत घेतली जातात त्या पोकळीवर उपचार आणि लवचीक फ्लॅप एकत्र वापरून उतरत्या विमानाचा इंजिनाव्यतिरिक्तचा, म्हणजे विमानाच्या बाह्यांगाचा आवाज 70 टक्क्यांहून अधिक घटल्याचे अमेरिकेच्या नासाने 2018 मध्ये जाहीर केले. अर्थात आवरणांमुळे वजन वाढते, ब्रेक थंड होण्यास अडथळा येतो आणि तपासणीही कठीण होते.

नवी मुंबईचा विमानतळही आता सुरू झाला आहे. दोन्ही विमानतळांच्या परिसरात उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या आवाजाची मोजमापे स्वतंत्रपणे, खर्जापासून वरच्या पट्टीपर्यंत स्वरपट्टीनिहाय नोंदवून जाहीर करावीत आणि ती आपल्याकडील संशोधकांना खुली करावीत, अशी माझी संबंधित यंत्रणांना आग्रहाची विनंती आहे.

– एक वाचक, घाटकोपर, मुंबई