म्हैसूरच्या तोफा वळल्या, त्याबद्दल

मॉडेलला मदत करणाऱ्यांची नावं विचारायची राहूनच गेली, म्हणून हे जाहीर आभार.

आयएनएस म्हैसूर ही 1957 साली नौदलात आलेली क्रूझर, म्हणजे मोठी युद्धनौका. सहा इंची नऊ तोफा, तीन-तीनच्या तीन बुरुजांत, म्हणजे तोफांच्या फिरत्या घरांत. तिचं माझं मॉडेल रिमोटवर झकास पळायचं, पण बुरुज ठोकळ्यासारखे गप्प. ते आपोआप फिरावेत म्हणून आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) आणि तीन छोटे सर्व्हो (सांगितलेल्या अंशात फिरणाऱ्या मोटरी) बसवले. झालं काय, जहाज पुढे ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याची मोटर सुरू केली की तोफा नाशिकच्या जानेवारीत कुडकुडल्यासारख्या थरथरायच्या.

एम. जी. रोडवरच्या दुकानात माझं रडगाणं ऐकून मागे उभ्या असलेल्या ताईंनी विचारलं, "दादा, सर्व्होला करंट बोर्डातूनच देताय का?" देत होतो! पाच व्होल्टचा वेगळा पुरवठा, ग्राउंड (ऋण बाजूची तार) मात्र दोघांची कॉमन, अशी आकृती त्यांनी बिलाच्या पाठीवर काढून दिली. थरथर गेली. ते बिल अजून डब्यात आहे.

अंबडच्या लेथवाल्या काकांनी बुरुजांच्या दांड्यांसाठी पितळी बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी) कातून दिले. पैशांचं विचारलं तर म्हणाले, "चहा पाज."

मखमलाबादच्या बागाईतदार दादांनी शेततळं वापरू दिलं. मागचा बुरुज गर्रकन पुढे वळून मनोऱ्याला धडकला, तेव्हा तेच ओरडले, "अरे, सोताच्याच घरावर गोळा टाकतोय की!" मग प्रोग्रॅममध्ये दोन्हीकडे हद्द घातली, वेगही दर 40 मिलिसेकंदाला एक अंश इतका उतरवला.

दादा, तुमची बादली माझ्याकडेच राहिलीय. रविवारी आणतो.