दहा नंबरास

प्रिय दहा नंबर,

रविवारपासून तीनदा तुझा नंबर काढला आणि रिंग जायच्या आत कट केला. फोनवर हे बोलणं व्हायचं नाही, म्हणून लिहायलोय. गणपतीनंतर तुला एक ओळ टाकली नाही, काकू पडल्या तेव्हा पण नुसता हात जोडल्याचा इमोजी पाठवला, त्याबद्दल काय शिव्या द्यायच्यात त्या दे. तब्येत बरी. शुगर बॉर्डरला, गोळी चालू.

तर रविवारी पोराची फुटबॉलची मॅच होती. त्यांची इथली कर्वेनगरची टीम आणि नदीपलीकडची सिंहगड रोडची. एकाच गावातल्या दोन टीमांची मॅच, पोरं हिला डर्बी म्हणतात, मँचेस्टरचं बघून शिकलीत. आपण नुसतं 'मॅच' म्हणायचो आणि कुणाशी हे अख्ख्या पेठेत कुणाला विचारावं लागायचं नाही. तुला ती 2015 ची पुणे डर्बी आठवती का, पुणे एफसी आणि भारत एफसी, दोन्ही आय-लीगमधल्या, दोघींचं होम ग्राउंड बालेवाडीच? तू माझ्याकडं आलेलास, सीटवर बसल्या बसल्या म्हणालास, "हलगी कुठाय?" त्या सीझननंतर दोन्ही टीमा गुंडाळल्या. मग एफसी पुणे सिटी, ती पण 2019 ला हैदराबादला गेली. एवढ्या मोठ्या शहरात टीम जाती आणि कुणाच्या घरात चूल बंद राहत नाही. आपल्या कोल्हापुरात दोघांतल्या कुठल्याही तालमीची टीम कुणी बंद करून दाखवावी म्हणावं. केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, लीगच्या सोळा टीमांत तुमची खाली घसरली की आमच्याकडं पेढे, आमची घसरली की तुमच्याकडं, आणि त्या पेढ्यातला एक तू मला खिशातून आणून द्यायचास, हलकटा.

विषय सोडून चाललोय, कारण सांगायचं जिवावर आलंय.

शेवटची पाच मिनिटं राहिली होती, 1-1. त्यांचा दहा नंबर एक बारकं पोर, डावखुरा, बॉल पायाला चिकटलेला. त्यानं दोनदा माझ्या पोराच्या टांगेतून बॉल काढला आणि दुसऱ्यांदा जाळीबाहेरची पोरं हसली. तिसऱ्यांदा तो उजवा खांदा पाडून डावीकडं निघाला. कुणाचा खांदा ते तुला सांगायला नको. आणि माझं पोरगं मागून गेलं, दोन्ही पाय जमिनीवरनं उचलून.

नडगीचं हाड. शिनगार्डचा तुकडा पडला. रेफरीनं तिथल्या तिथं रेड काढलं. त्या पोराची आई आत धावली, गुडघे टेकून बुटाची नाडी सोडायला लागली, कोच म्हणाला बूट काढू नका, हॉस्पिटलात काढतील, तर तिनं हात थांबवला, पण नाडीचं टोक काही सोडलं नाही. गाडीत घालेपर्यंत ते टोक तिच्या बोटात होतं. ते मला दिसतंय अजून.

घरी आल्यावर पोरगं जेवलं नाही. मोजे काढले तर त्यातनं टर्फचे ते काळे रबराचे दाणे फरशीवर सांडले, आणि बसून एकेक दाणा बोटानं गोळा करायला लागलं. मान वर न करता म्हणतंय, "बाबा, मी बॉललाच गेलतो."

मी म्हणालो, "माहितीय."

आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो, भावा. आतून बायको म्हणतीय काय झालं, काय झालं. तिला काय सांगू.

2004. आपली मॅच. सकाळी तू मला डबलसीट घेऊन क्लासला गेलतास, परीक्षा तोंडावर होती, रस्त्यात म्हणालास, आज रडू नको म्हणजे झालं. त्याच्या आधीच्या मॅचमधला तुझा तो गोल ऑफसाइड होता, आज पण ऑफसाइडच आहे आणि मरेपर्यंत राहणार, पण माझ्या डोक्यात तोच होता. शाहू स्टेडियम फुल, हलग्या, आणि माझ्या गॅलरीतनं एकच ओरड, चार नंबर, घे त्याला. घेतला. मला यलो मिळालं. भावा, मागनं, समोरच्याचा जीव धोक्यात घालून टॅकल केलं तर सरळ रेड, हा नियम 1998 पासून होता. मला तेव्हा पण माहीत होता. रेफरीला दोष देत नाही, माझी पाठ मध्ये होती, त्याला दिसलं नसणार. यलो बघून मला सुटल्यासारखं वाटलं. तू खाली पडून माती मुठीत धरली होतीस आणि मी सुटलो म्हणून खूश होतो.

मग बाटल्या आल्या. ऑफिसमधल्या एका बंगाल्यानं एकदा सांगितलेलं, 16 ऑगस्ट 1980, ईडन गार्डन्स, मोहन बागान-ईस्ट बंगाल, एका टॅकलवरनं दोघं जुंपले, दोघांना रेड, आणि गॅलरीत जी मारामारी पेटली त्यात सोळा माणसं गेली. बाकीचे चुकचुकले, मी उठून पाणी प्यायला गेलो. आपल्याकडं कुणाला काही झालं नाही हे नशीब होतं, दुसरं काही नाही.

अकरा दिवस मी आलो नाही. आमच्या थोरल्यांनी सांगितलेलं, त्या बोळात पाय ठेवायचा नाही, त्यांनी मुद्दाम केलं असं म्हणतील. हे कारण मी तुला शंभरदा दिलंय. बाराव्या दिवशी आलो, काकूंनी दार उघडलं, म्हणाल्या, "पाय धू आणि आत ये, भाकरी टाकलीय." तू कॉटवर, गुडघ्याखाली उशी. तू एकच विचारलंस, बॉलला गेलतास का पायाला?

मी म्हणालो, बॉलला.

बॉलला गेलो नव्हतो. बॉल कधीच पुढं गेला होता, मला दिसत होता. मला तुला पाडायचं होतं. लिगामेंट जाईल, तू परत कधी उतरणार नाहीस, हे मनात नव्हतं, आईशपथ नव्हतं, पण पाडायचं होतं. तू त्यानंतर कधी विचारलं नाहीस आणि मी त्याचा फायदा घेतला. माझ्या लग्नात तू नाचला नाहीस, लोक म्हणाले भाव खातोय, मी पण हसलो.

पोराच्या डोळ्यांत मला तेच दिसलं. मी 'माहितीय' म्हणालो म्हणजे त्याला पण तेच शिकवलं का? उद्या त्याला त्या पोराच्या घरी नेणार आहे. बायको म्हणती प्लास्टर आहे, सहा आठवड्यांत बरं होईल, भांडण कशाला ओढवून घ्यायचं. कोच म्हणतो दोन महिने जाऊ देत. जाऊ देत म्हणजे काय होतं ते मला माहीत आहे. पण तिथं जाऊन त्याला खरं बोलायला लावू का? तेरा वर्षांचा आहे. त्या पोराला ते ऐकून बरं वाटंल का आणखी लागंल? हे मी दुसऱ्या कुणाला विचारू? मी त्या दिवशी 'पायाला' म्हणालो असतो, तर तू काय केलं असतंस?

दुकानाचं शटर बदललंस का? धाकटीची यंदा दहावी ना, आमच्याकडं जुनी गाइडं आहेत, देतो पाठवून. वहिनींना नमस्कार. काकूंना यातलं काही वाचून दाखवू नको.

लगेच फोन करू नको, मला बोलता यायचं नाही. लिही.

तुझा
चार नंबर

ता. क. लीगमधल्या आपल्या मॅचला पोराला घेऊन येतोय. तिकिटं तुमच्या बाजूच्या गॅलरीतली काढ, तुला चालत असलं तर.