पॅरिटी आहे म्हणून डिस्क बदलताना घाई नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लग्नाचे फोटो-व्हिडिओ करणारे स्टुडिओ, चादर-टॉवेलची जेकार्ड डिझाइने काढणारे, हिशेबनीस आणि घरचे फोटो जपणारे हौशी, असे बरेच सोलापूरकर आता स्वतःचा स्टोरेज सर्व्हर ठेवतात. चार-पाच हार्ड डिस्क, त्यातली एक पॅरिटीची, वर अनरेडसारखी एखादी प्रणाली. जागा भरली की मोठी डिस्क घालायची, एखादी बिघडली की बदलायची, इतके सगळ्यांना माहीत असते. पण बदलायची कशी, कोणत्या क्रमाने, आणि कोणते बटण चुकूनही दाबायचे नाही, हे डिस्क विकताना सहसा कोणी सांगत नाही. पॅरिटी शाबूत असूनही वर्षानुवर्षांचे काम अशा वेळी जाऊ शकते. उन्हे तापायच्या आत हे आपल्या वाचकांपर्यंत पोचावे, म्हणून हे पत्र.

पॅरिटी म्हणजे काय, हे पेढीवर बसणाऱ्या माणसाला लगेच कळेल. वहीत चार रकमा आहेत आणि खाली बेरीज. एका रकमेवर शाई सांडली तर बेरजेतून बाकीच्या तीन वजा करून ती सापडते. दोन रकमांवर सांडली तर नाही. पॅरिटी डिस्क ही अशी बेरीज आहे, फक्त ती सम-विषमाची असते: सगळ्या डिस्कवरच्या एकाच जागेचे बिट घेतले की १ ची संख्या सम यावी, असा बिट तिच्यावर लिहिलेला असतो. पुढचे सगळे नियम यातूनच निघतात. पॅरिटीची डिस्क कोणत्याही डेटा डिस्कपेक्षा लहान चालत नाही. गेलेली डिस्क नव्या डिस्कवर परत उभी करायची (यालाच रीबिल्ड म्हणतात) तर उरलेली प्रत्येक डिस्क पहिल्यापासून शेवटच्या सेक्टरपर्यंत, म्हणजे कप्प्यापर्यंत, वाचता यावी लागते. आणि कोणी रक्कमच खोडून बेरीज नव्याने मांडली, तर त्या बेरजेतून जुनी रक्कम कळत नाही. म्हणून चुकून डिलीट केलेली फाइल, रॅन्समवेअर, वळवाच्या पावसात विजेच्या तारेतून आलेला दाब, यातल्या कशालाही पॅरिटी हा उपाय नाही. जे पुन्हा मिळणार नाही ते आधी वेगळ्या बाहेरच्या डिस्कवर उतरवा, ती डिस्क वायरीतून सोडवून कपाटात ठेवा, आणि मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या.

वेळेचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. सरासरी १५० एमबी प्रतिसेकंद वेग धरला तर ८ टीबीची डिस्क भरायला सुमारे १५ तास लागतात, १६ टीबीला ३०. डिस्क निम्मी रिकामी असली तरी वेळ तेवढाच, कारण पॅरिटीला फाइली कळत नाहीत, नुसते बिट कळतात. एवढा वेळ सगळ्या डिस्क एकदम फिरत असतात आणि त्या खोलीतल्या हवेपेक्षा ८-१० अंशांनी सहज तापतात. अनरेड ४५ अंशांना इशारा देते आणि ५५ ला धोक्याचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा दुपारी रीबिल्ड लावणे म्हणजे जुन्या डिस्कची परीक्षा पाहणे. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराची थंडी या कामाला सर्वांत चांगली. तोवर थांबता येत नसेल तर संध्याकाळी सुरू करा, डिस्कच्या रकान्यासमोर १२० मिलिमीटरचा पंखा हवा, आणि त्याची जाळी आधी झाडून घ्या. यंत्रमागांच्या भागात कापसाची बारीक धूळ या जाळीवर इतकी दाट बसते की पंखा फिरताना दिसतो, पण हवा पुढे जात नाही.

विजेचेही असेच. अनरेडमध्ये रीबिल्ड चालू असताना मशीन बंद पडले तर काम पहिल्यापासून सुरू होते. घरच्या इन्व्हर्टरवर मोडचे बटण असते. ते साध्या मोडवर असेल तर वीज गेल्यावर बदलाला लागणारा क्षण संगणक बंद पडायला पुरतो. ते यूपीएस मोडवर ठेवा, किंवा सर्व्हरला वेगळा यूपीएस द्या आणि त्याची यूएसबी केबल जोडून ठेवा, म्हणजे बॅटरी उतरत आली की मशीन स्वतः नीट बंद होईल.

खरेदी करताना नुसते ‘८ टीबी’ म्हणू नका, मॉडेल क्रमांक विचारा. एसएमआर प्रकारच्या डिस्कमध्ये चुंबकीय पट्टे घराच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. त्यामुळे सलग काही तास लिहिले की वेग कोसळतो, आणि काही प्रणाली अशी डिस्क बिघडली समजून बाहेर काढतात. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर असल्याचे उघड झाले, त्यानंतर सीएमआर, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवलेल्या, डिस्कना ‘रेड प्लस’ हे नाव मिळाले. पॅरिटीसाठी सीएमआरच घ्या, कारण कोणत्याही डेटा डिस्कवर काही लिहिले की पॅरिटीवरही लिहावे लागते. वापरलेली डिस्क स्वस्तात मिळत असेल तर किती तास चालली ते पाहाच. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत वापरलेल्या सीगेट डिस्क चाललेले तास पुसून नव्या म्हणून विकल्या गेल्याचे समोर आले. खरे तास डिस्कमधल्या ‘फार्म’ या वेगळ्या नोंदीत सापडले. दुकानदार बंधूंना विनंती, की बिलावर मॉडेल आणि सिरियल क्रमांक दोन्ही लिहून द्यावेत. आणि चार डिस्क घ्यायच्या तर एकाच खोक्यातल्या, लागोपाठ क्रमांकांच्या घेऊ नका.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवातीला प्रत्येक डिस्कचा स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद) काढा. ५, १९७ आणि १९८ या ओळींचे आकडे शून्य हवेत. १९७ म्हणजे वाचता न आलेले, अजून निकाल न लागलेले सेक्टर. बदलायची सोडून दुसऱ्याच डिस्कवर हा आकडा दिसला तर तिथेच थांबा, कारण रीबिल्डमध्ये नेमके तेच सेक्टर लागणार आहेत. १९९ वाढला असेल तर दोष बहुधा केबलचा असतो. तो आकडा पुन्हा शून्य होत नाही, तेव्हा वाढतोय का एवढेच पाहायचे. मग पॅरिटी तपासणी चालवा, पण पॅरिटीत दुरुस्ती लिहिण्याच्या पर्यायावरची खूण काढून. एखादी डिस्क चुकीचे वाचत असेल तर ती चूक बेरजेत लिहून ठेवण्यात शहाणपण नाही. नव्या डिस्कवरही आधी पूर्ण वाचन, लेखन, वाचन अशी फेरी करून घ्या. ८ टीबीला साधारण ४५ तास लागतील. नवी डिस्क वाईट निघायची असेल तर ती ॲरेमध्ये, म्हणजे पॅरिटीसकट सगळ्या डिस्कच्या संचात, जाण्याआधी निघू दे.

कॅबिनेट उघडण्यापूर्वी एक छोटे काम आहे. प्रत्येक डिस्कच्या सिरियल क्रमांकाचे शेवटचे चार अंक कागदाच्या पट्टीवर लिहून तिच्या समोरच्या कडेला चिकटवा. एसडीए, एसडीबी ही प्रणालीने डिस्कना दिलेली नावे मशीन पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात, सिरियल क्रमांक बदलत नाही. चुकून चांगली डिस्क उपटली जाते ती या नावांवर विसंबल्यामुळे.

समजा, ४ टीबीच्या पाच डिस्क आहेत आणि ८ टीबी घालायची आहे. मान आधी पॅरिटीचा. ॲरे थांबवा, मशीन बंद करा, जुनी पॅरिटी डिस्क काढून नवी लावा, पॅरिटीच्या जागी ती निवडा आणि ॲरे मेंटेनन्स मोडमध्ये सुरू करून पॅरिटी नव्याने बनवा. या मोडमध्ये फाइल सिस्टिम (डिस्कवरच्या फाइलींची मांडणी) माउंट होत नाही, म्हणजे वापरासाठी उघडलीच जात नाही, म्हणून डेटा डिस्कवर एकही बिट बदलत नाही, आणि बाजूला ठेवलेली जुनी पॅरिटी जुळतीच राहते. मध्येच एखादी डेटा डिस्क गेली तर ती जुनी पॅरिटी तुम्हाला वाचवेल. पण सर्व्हर नेहमीसारखा वापरत राहिलात तर नाही. पॅरिटी बनली की लगेच एकदा तपासणी करा, चुका शून्य आल्या की मगच डेटा डिस्कला हात लावा. हातात मोठी डिस्क एकच आहे आणि डेटा डिस्क आधीच गेलेली आहे, अशा वेळी अनरेडमध्ये पॅरिटी स्वॅपची सोय आहे: जुन्या पॅरिटीची नक्कल नव्या मोठ्या डिस्कवर होते आणि जुनी पॅरिटी डिस्क गेलेल्या डिस्कच्या जागी बसते.

डेटा डिस्क बदलताना एक पायरी बहुतेक जण गाळतात. जुनी काढल्यावर नवी न निवडताच ॲरे सुरू करा. गेलेल्या डिस्कवरच्या फाइली तरीही दिसल्या पाहिजेत. त्या पॅरिटी आणि उरलेल्या डिस्कवरून हिशेब करून दाखवल्या जातात. चार-दोन मोठे व्हिडिओ, चार-दोन फोटो उघडून पाहा. इथे जे दिसते तेच नव्या डिस्कवर उतरणार आहे, कणभर जास्त नाही. सगळे ठीक असेल तर ॲरे थांबवा, नवी डिस्क निवडा, रीबिल्ड सुरू करा आणि तो संपेपर्यंत सर्व्हरवर नवे काही चढवू नका.

पण कधी कधी त्या जागी ‘अनमाउंटेबल’ असे लिहून येते आणि पडद्याच्या खाली फॉरमॅटचे बटण दिसते. हात आपोआप तिकडे जातो, कारण नवी डिस्क फॉरमॅट करायची असते ही आपली सवय. कृपा करून ते दाबू नका. डिस्क परत उभी करण्याच्या कामात फॉरमॅट ही पायरी कधीच नसते. फॉरमॅट म्हणजे रिकामी फाइल सिस्टिम लिहिणे. ते लिहिताक्षणी पॅरिटीही त्यानुसार बदलते, आणि मग रीबिल्ड अगदी बिनचूक होतो, पण रिकाम्या डिस्कचा. अशा वेळी ॲरे मेंटेनन्स मोडमध्ये सुरू करून फाइल सिस्टिम तपासा. ती एक्सएफएस प्रकारची असेल तर एक्सएफएस रिपेअर हे तिच्या दुरुस्तीचे साधन आधी नुसते पाहण्यापुरते चालवा, नंतर खरी दुरुस्ती. बहुतेकदा सगळे परत येते. नाहीच आले, तरी जुनी डिस्क आहे. म्हणून ती रीबिल्डच्या आधी पुसायची नाही, कोणाला द्यायची नाही.

लाल फुली आलेली प्रत्येक डिस्क मेलेली नसते. एक लेखन फसले तरी अनरेड डिस्क बाद करते, आणि लेखन फसण्याचे कारण पुष्कळदा ढिली साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) असते. शेजारची डिस्क काढताना कोपराचा धक्का लागून ही केबल अर्धा मिलिमीटर सरकते, तेवढे पुरते. लोखंडी चाप असलेल्या केबल घ्या, आणि त्यांची मोळी करून घट्ट बांधू नका. वीजपुरवठाही मोजा: ३.५ इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर जवळपास २ अँपिअर घेते, सहा डिस्क एकदम म्हणजे १२ अँपिअर. मोलेक्स ते साटा जोड (जुन्या पद्धतीच्या वायरीवरून डिस्कला वीज देणारा) घ्यायचाच असेल तर अखंड प्लास्टिकात ओतलेला नको, त्यात तारा एकमेकींना लागून आग लागू शकते. दाबून बसवलेल्या पिनांचा घ्या. आणि यूएसबी पेटीतून काढलेली डिस्क फिरतच नसेल तर ती खराब आहे असे लगेच समजू नका. काही डिस्कना वीजजोडणीच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की त्या बंदच राहतात. त्या पिनवर कॅप्टॉन टेपचा (वीजरोधक पट्टीचा) बारीक तुकडा लावला की सुरू होतात.

इतर प्रणालींबद्दल थोडक्यात. स्नॅपरेडची पॅरिटी शेवटच्या सिंकपुरतीच, म्हणजे ती शेवटची मांडली तेव्हापुरतीच, असते. डिस्क गेली की रात्रीचे आपोआप होणारे सिंक आधी बंद करा, आणि उरलेल्या डिस्कवरही काही पुसू किंवा बदलू नका. झेडएफएसच्या रेडझेडमध्ये आणि लिनक्सच्या रेड ५ मध्ये एकच डिस्क बदलून मोठी घातली तर जागा वाढत नाही, सगळ्या बदलल्यावरच वाढते. पण तिथे एक मोठी सोय आहे: रिकामा पोर्ट असेल तर जुनी डिस्क न काढता नवी शेजारी जोडून ‘रिप्लेस’ करता येते, आणि काम संपेपर्यंत जुनीही सेवेत राहते.

रीबिल्ड झाल्यावर पुन्हा एक तपासणी, तीही दुरुस्ती न लिहिणारी. शून्य चुका आल्या तरी काढलेल्या जुन्या डिस्कवर तारीख आणि ती कोणत्या जागेवर होती ते लिहून अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवा, पुढच्या महिन्याची तपासणी पार पडेपर्यंत. नंतर ती धड असेल तर बाहेरच्या प्रतीसाठी वापरा. भंगारात द्यायची असेल तर शून्यांनी पूर्ण पुसून द्या. स्टुडिओवाल्यांच्या डिस्कवर दुसऱ्यांच्या घरची लग्ने असतात.

आपला,
एक नियमित वाचक,
जुळे सोलापूर