बेसाल्टच्या पायऱ्या मागितल्या, कडाप्पा चिकटवून गेलात

नमस्कार मॅनेजर साहेब,

तुमच्या कस्टमर केअरवाल्या मुलीला फोनवर सगळं सांगून झालंय, तिचं आपलं एकच पालुपद, "मॅम नॅचरल स्टोन आहे, व्हेरिएशन येणारच", म्हणून आता लेखी देतेय, आणि हे कृपया तुम्ही स्वतः वाचा, परत तिच्याकडे ढकलू नका.

चिपळूणजवळ आमचं जांभ्याचं घर आहे, मागची पडवी खळ्यापासून अडीच फूट उंच, तिथे उतरायला चार पायऱ्या करायच्या होत्या. जांभ्याच्याच केल्या असत्या तर स्वस्तात झालं असतं पण पायरीला जांभा टिकत नाही, कड झिजते आणि भोकाभोकात शेवाळ धरतं, आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जून ते सप्टेंबर ब्रश घेऊन कोण बसणार. पॉलिश केलेली कोटा फरशी तर ओल्या पायाला घसरगुंडीच. म्हणून तुमच्या कॅटलॉगमधला 'रस्टिक ब्लॅक बेसाल्ट, सॉलिड ब्लॉक, टाकी फिनिश' घेतला, म्हटलं आपल्या सह्याद्रीचाच काळा दगड आहे, गडकिल्ल्यांवरचा, त्याला काय होतंय, आणि छिन्नीने टाकी मारून खडबडीत केलेला असला की पाय धरून राहतो. पाच फूट लांब, एक फूट रुंद, सहा इंच जाड असे चार नग, बसवून देणार तुम्ही, बिलावर तसं स्पष्ट लिहिलंय आणि पैसे पूर्ण घेतलेत.

त्या दिवशी आम्ही दोघं कामावर होतो, घरी फक्त सासूबाई. त्या संध्याकाळी सहज बोलून गेल्या की "दोन पोरांनीच उचलून आणल्या गो, पटापट लावल्यानी". तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. काळा दगड घनफुटाला ऐंशी किलोच्या आसपास भरतो, तुमची एक पायरी अडीच घनफुटाची म्हणजे दोनशे किलो, ती दोन पोरं पटापट उचलतील?? खाली वाकून बाजूने बघितलं तर वर दोन इंची लादी, समोरून चार इंची पट्टी चिकटवलेली, आणि आत विटांचे तुकडे आणि सिमेंट. चमच्याने ठोकलं तर मधेमधे पोकळ वाजतं.

बरं दगड तरी बेसाल्टचा असावा ना, तोही नाही. पावसाच्या पहिल्या सरीनंतर काळा रंग पट्ट्यापट्ट्यांनी उतरून खालून राखाडी दिसायला लागला, पांढरं फडकं थिनरमध्ये बुडवून पुसलं तर फडकं काळंकुट्ट. लोणच्याची लिंबं चिरताना पायरीवर रस सांडला तिथे पांढुरका डाग पडलाय तो घासूनही जात नाही. आमच्या ओळखीचे एक जुने पाथरवट आहेत त्यांना बोलावलं, त्यांनी कोपऱ्यावर बाथरूमच्या ॲसिडचे दोन थेंब टाकले आणि फसफसून फेस आला. बेसाल्टवर असा फेस येत नाही, चुनखडीच्या दगडावर येतो, ते म्हणाले हा कडाप्पा आहे, ओट्याखालच्या फळ्यांना लावतात तो, वर काळं तेल मारलंय. व्हिडिओ काढून ठेवलाय. कडाप्पा वाईट असं माझं म्हणणं नाही, स्वयंपाकघरात आमच्याकडेही आहे, पण बेसाल्टच्या भावात आणि बेसाल्ट म्हणून कशाला विकता? आणि टाकी म्हणाल तर ती फक्त समोरच्या पट्टीवर, जिथे कोणी पाय ठेवत नाही. वरची लादी गुळगुळीत.

सगळ्यात जास्त राग मला उंचीचा आलाय. टेप लावून मोजलं, खालून सहा, पाच, साडेसात, सहा आणि शेवटी पडवीला साडेपाच इंच. पायऱ्या उतरताना माणूस खाली बघत नाही हो, पहिल्या दोन पायऱ्यांत पायाला अंदाज येतो त्यावरच पुढचा पाय पडतो. सासूबाई चौऱ्याहत्तरच्या आहेत, त्या साडेसातच्या पायरीला ठेचकाळल्या, खांब हाताशी होता म्हणून निभावलं. रस्टिक हवंय म्हणून मीच मागितलं होतं, पृष्ठभाग खडबडीत, कडा थोड्या वाकड्या, रंग कमीजास्त हे सगळं मला चालणारच होतं, पण उंचीत अडीच इंचांचा फरक हे व्हेरिएशन नाही, ही लेव्हल न लावता केलेली घाई आहे. शिवाय वरच्या पायरीला ढाळ उलटा, घराकडे, त्यामुळे पाणी उंबऱ्याशी साचतंय. ढाळ बाहेर द्यायचा हे गावातला शिकाऊ गवंडी पण सांगेल.

तुम्ही पाच हजार डिस्काउंट परत देतो म्हणालात, तो नको. हे सगळं उखडून तुमच्या खर्चाने घेऊन जा आणि बिलात आहे तसे अखंड बेसाल्टचे ब्लॉक द्या, वरून टाकी मारलेले, पाचही उंच्या सहा इंच, ढाळ खळ्याकडे. बसवायच्या आधी ॲसिडची टेस्ट माझ्यासमोर होईल. हे जमत नसेल तर पूर्ण पैसे परत करा, उखडायची मजुरी धरून. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकतेय आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे, मला घाई नाही.

बिल, टेपसकट फोटो आणि ॲसिडचा व्हिडिओ सोबत जोडलाय. माणूस पाठवणार असाल तर रविवारी पाठवा, आम्ही दोघंही घरी असतो, पुन्हा एकट्या सासूबाईंची सही घेऊन जायचं नाही.

तुमची ग्राहक