बाल्कनीतून पाणी दिसतं, पण शेजारी कोण राहतं?

ती. आई-बाबांस,
सा. न.

निवृत्तीनंतर त्या पर्यटकांच्या शहरात राहायला जायचं म्हणून बाबांनी पाठवलेले फ्लॅटचे फोटो पाहिले. फोनवर बोलायला गेलं की आपण तिघंही एकदम सुरू होतो आणि मुद्दा राहतो बाजूला, म्हणून लिहायला बसले. आई, हे तू बाबांना मोठ्यानं वाचून दाखव. त्यांच्या हातात दिलंस तर अर्ध्यावर चष्मा काढून ठेवतील आणि म्हणतील, "कळलं मला सगळं."

शहराबद्दल माझी तक्रार नाही. हवा चांगली आहे, तुम्हा दोघांना तिथं करमतं, नोकरीभर मन मारून राहिलात, आता आवडीच्या ठिकाणी राहा. प्रश्न आहे तो कुठल्या भागात, एवढाच. पर्यटकांवर जगणाऱ्या शहरात एक भाग पाहुण्यांसाठी सजलेला असतो, आणि त्या पाहुण्यांची दिवसभर सरबराई करून माणसं रात्री ज्या भागात घरी जातात, तो वेगळा असतो. आपण आजवर सुट्टीला गेलो ते पहिल्या भागात. दुसऱ्या भागात आपलं काही कामच पडलं नाही. बाबांना आवडलेला फ्लॅट पहिल्यातला आहे, आईला आवडलेला भाग दुसरा.

ती इमारत मी बघून आले. मुद्दाम सीझन संपल्यावर, आडदिवशी, दिवेलागणीला गेले. दृश्याबद्दल बाबा म्हणतात ते खरं आहे, बाल्कनीत उभं राहिलं की समोर नुसतं पाणी. पण मी जिन्यापाशी जास्त वेळ उभी होते. तिथल्या ग्रिलला आकडे फिरवून उघडायच्या छोट्या डब्या ओळीनं लटकवल्यात. आत फ्लॅटच्या चाव्या. मालक कुठल्या तरी दुसऱ्या शहरात. पाहुण्याच्या फोनवर नंबर येतो, तो डबी उघडून वर जातो, दोन रात्री राहतो आणि चावी परत टाकून निघून जातो. टपालपेट्यांतून विजेची बिलं आणि नोटिसा बाहेर लोंबत होत्या. अख्ख्या इमारतीत उजेड होता मोजक्याच खिडक्यांत. मी वॉचमनला फ्लॅटची चौकशी केली, तर त्याचा पहिला प्रश्न, "किती रात्री?"

मला त्या दोन शब्दांतच सगळं समजलं. त्या बिचाऱ्याला कोणी कायमचं राहायला येईल असं वाटतच नाही.

बाबा, आता तुम्ही म्हणाल, बरंच आहे की, शांतता मिळेल. तर थोडं पुढचं बघा. ज्या सोसायटीत निम्म्याहून जास्त मालक राहतच नाहीत, तिथं सभेला येतं कोण? लिफ्ट सीझन संपल्यावर बंद पडली तर त्यांना घाई नसते, त्यांचा पुढचा पाहुणा तीन महिन्यांनी येणार असतो. तुम्ही मात्र चौथ्या मजल्यावर, आईचा गुडघा तसा. पंपाचा खर्च, गच्चीची गळती, ड्रेनेज, सगळ्याचा हिशोब "सीझनच्या आधी करून घेऊ" या एका वाक्यावर थांबतो. आणि मतदानाची वेळ आली तर नियम कोणाच्या सोयीचे होणार? रात्री अकरानंतर गच्ची बंद ठेवा असं तुम्ही म्हणणार, गच्ची हीच त्यांच्या जाहिरातीतली मोठी गोष्ट. तुमच्या फ्लॅटचं मत एक, त्यांची वीस.

आवाजाचं तर विचारूच नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये युरोपसाठी रात्रीच्या आवाजाची मार्गदर्शक पातळी दिली, घराबाहेर वर्षाची सरासरी ४० डेसिबल. ४० म्हणजे हळू आवाजातलं बोलणं. सीझनच्या रात्री जिन्यावरून घरंगळत जाणाऱ्या चाकांच्या बॅगा, "अरे, नंबर लागत नाहीये" म्हणून मध्यरात्री भलत्याच दाराची बेल, पहाटे विमान गाठायला निघालेल्यांची गाडी. येणाऱ्यांचं तरी काय चुकतं? ते मजा करायला आलेले असतात. पण त्यांची सुट्टी दोन दिवसांची, तुमचा मंगळवार दर आठवड्याला येतो.

व्हेनिसची गोष्ट सांगते, बाबांना असलं आवडतं. तिथं रियाल्टो पुलाजवळ एका औषधाच्या दुकानाच्या काचेत २००८ पासून एक आकडा लावलाय. जुन्या शहरात आता किती माणसं राहतात, तो आकडा. १९५१ च्या सुमारास तिथं पावणेदोन लाख लोक राहत होते, २०२२ मध्ये तो आकडा ५० हजारांच्या खाली गेला. घरं तीच आहेत, पण रहिवाशांपेक्षा पाहुण्यांच्या पैशाला जास्त भाव आला की राहणारा माणूस हळूहळू बाहेर सरकतो. आधी भाडेकरू जातो, मग त्याच्या जिवावर चालणारं शिंप्याचं, चपला दुरुस्तीचं, वह्या-पुस्तकांचं दुकान जातं. त्या जागी आठवण म्हणून घेऊन जायच्या वस्तूंचं दुकान येतं. मग उरलेल्या म्हाताऱ्या माणसाला एक बल्ब आणायचा तर लांबवर जावं लागतं. हे एका वर्षात होत नाही, म्हणून घर घेताना दिसत नाही. हा आकडा औषधाच्या दुकानात लागावा, हे मला फार नेमकं वाटतं.

आता बाबांचा तो हिशोब. "आम्ही तुमच्याकडे राहायला आलो की फ्लॅट पाहुण्यांना देऊ, मेंटेनन्स सुटेल." म्हणजे ज्या शेजाराचा त्रास होईल म्हणून मी कळवळतेय, तो शेजार तुम्हीच होणार! ते सोडा. हे उत्पन्न धरून चालू नका, एवढंच सांगते. जगभर या धंद्यावरचे नियम वर्षागणिक बदलताहेत. बार्सिलोनानं २०२४ मध्ये जाहीर केलं की शहरातले दहा हजारांवर पर्यटक-फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू ठेवायचे नाहीत. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून कडक अंमलबजावणी सुरू झाली: महिन्याहून कमी मुदतीसाठी घर द्यायचं तर यजमानानं स्वतः तिथं राहायला हवं आणि पाहुणे दोनच. ॲमस्टरडॅमनं २०१९ मध्ये राहतं घर पाहुण्यांना द्यायची मर्यादा वर्षाला ३० रात्रींवर आणली. रहिवाशांच्या बाजूनं बघाल तर हे चांगलंच आहे, माझा पाठिंबा आहे. पण पाहुण्यांच्या भाड्यावर ज्या इमारतीचा भाव चढलाय, तिचा भाव अशा एका निर्णयानं कुठे जाईल याचा नेम नाही. आणि निर्णयच कशाला लागतो? २०२० आठवा. त्या वर्षी जगभरात परदेशी जाणाऱ्या प्रवाशांचा आकडा आधीच्या वर्षापेक्षा सुमारे १०० कोटींनी कमी झाला. आदल्या वर्षी तो १४० कोटींच्या वर होता. ज्या रस्त्याला पाहुण्यांशिवाय गिऱ्हाईकच नाही, तिथं त्या काळात सकाळी शटर कोणासाठी उघडायचं?

म्हणून मी भाग बघताना एकच विचारते: उद्यापासून एकही पर्यटक आला नाही, तर हा रस्ता कशावर चालेल?

आईला आवडलेल्या भागाला या प्रश्नाचं उत्तर आहे. मोठं सरकारी रुग्णालय, दोन शाळा, भाजीचा घाऊक बाजार, नोकरदारांच्या वसाहती. दिसायला यथातथाच, हे मीच सांगते. एकाही खिडकीतून पाणी दिसत नाही. शाळेचा लाउडस्पीकर सकाळी सातला सुरू होतो, बाजाराच्या दिवशी ट्रक आडवे लावतात, पावसात चिखल. पण मी तिथं तासभर बाकावर बसले होते (बाक आहे, सावलीतला, आणि त्यावर जाहिरात नाही!), तेवढ्यात ओळखीची माणसं एकमेकांना हाका मारून जाताना बघितली. एका आजोबांना औषधवाल्यानं रस्त्यातच अडवलं, "काका, तुमच्या बीपीच्या गोळ्या आल्यात, पोरगं घरी देऊन जाईल." पाण्याकाठच्या औषधाच्या दुकानात मी मुद्दाम विचारलं होतं. उन्हात लावायचं क्रीम सतरा प्रकारचं, उलटीच्या गोळ्या मुबलक, पण बाबांची ती रोजची गोळी "मागवावी लागेल."

रुग्णालयाचं जरा नीट ऐका. मेंदूत गुठळी अडकून पक्षाघाताचा झटका आला, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना हे बघावं लागतं. म्हणजे नुसतं जवळ दवाखाना असून भागत नाही, रात्री स्कॅन करणारं ठिकाण हवं. आता ते पाण्याकाठचं टोक डोळ्यासमोर आणा. आत जायला रस्ता एकच, जोडून सुट्ट्या आल्या की त्यावर गाड्या मुंगीसारख्या. रुग्णवाहिकेनं कितीही भोंगा वाजवला तरी पुढच्या गाडीला बाजूला व्हायला जागा तर पाहिजे. एजंट नकाशावर दाखवतो ते अंतर मला नको. लांब सुट्टीच्या शनिवारी संध्याकाळी तिथून रुग्णालयाच्या दारात पोचायला किती वेळ लागतो, तेवढंच मला हवंय.

घरकामाचा, सोबतीला येणाऱ्या बाईंचा विचार कोणीच करत नाही, आणि पुढे तोच सगळ्यात जास्त लागतो. पाहुण्यांच्या भागात कामाला येणाऱ्या बायका त्या भागात राहत नाहीत, त्यांना ते भाडंच परवडत नाही. लांबून येतात, शेवटची बस आठला असली की साडेसातला निघतात. शिवाय सीझनमध्ये हॉटेलं रोजावर माणसं उचलतात, पैसे चांगले देतात, मग "काकू, दोन महिने येणार नाही" असं होतं. त्यांना तरी काय बोलायचं, वर्षाची कमाई त्यांना त्या दोन महिन्यांतच करायची असते. टॅक्सीवाल्यांचंही तेच; लांबचं भाडं समोर असताना दवाखान्यापर्यंतच्या फेरीला कोण थांबेल? जिथं कामवाल्या बाई दोन गल्ल्या पलीकडे राहतात, तिथं निदान त्यांची लेक तरी येऊन जाते.

एक गोष्ट फोनवर मला बोलवत नाही, म्हणून इथं लिहिते. बाबा गाडी चालवतात, आई चालवत नाही. आई ओळखी काढते, बाबा काढत नाहीत. आज हे एकमेकांत भागतं. कधी ना कधी तुमच्यापैकी एकावर एकट्यानं राहायची वेळ येईल. तेव्हा आई त्या टोकावरच्या घरात असली तर गाडीशिवाय अडकून पडेल, आणि बाबा असले तर महिनोन्‌महिने कोणाशी बोलणार नाहीत. मला असं घर हवंय जिथं आईला चालत भाजी आणता येईल, आणि बाबांना मनात नसलं तरी खाली उतरल्यावर कोणीतरी "काय साहेब, आज उशीर?" म्हणून अडवेल. रागावू नका. हे मी नाही बोलले तर दादा तर मुळीच बोलणार नाही.

पैशांचं थोडक्यात. इथलं घर आत्ता विकू नका. तिथं आधी वर्षभर भाड्यानं राहा, त्यात गर्दीचा हंगामही येऊ दे आणि ओस पडलेलाही. एजंट म्हणेल भाव वाढतील. वाढू देत. चुकीच्या घरातून बाहेर पडण्याचा खर्च त्याहून जास्त असतो.

आणि बाबा, पाणी कुठे पळून जात नाही. आईच्या भागातून बस आहे, ज्येष्ठांना सवलत आहे. सकाळी पाहुणे उठायच्या आत जा, तासभर बसा, गर्दी व्हायला लागली की घरी या.

तोवर दोन कामं करा. एजंटला टोकनचे पैसे देऊ नका, शब्दही देऊ नका. आणि त्या बाल्कनीच्या इमारतीच्या सेक्रेटरींना, म्हणजे कोणी असतील तर, विचारा की किती फ्लॅटमध्ये मालक किंवा कायमचे भाडेकरू राहतात, मेंटेनन्स किती जणांचा थकलाय, आणि गेल्या सभेला किती जण आले होते. जमलं तर सभेचं इतिवृत्तच मागा. मी पुढच्या जोडसुट्टीला येतेय, दादालाही ओढून आणते. चौघं मिळून दोन्ही ठिकाणी राहू, एक रात्र इकडे, एक तिकडे. पाण्याकाठची खोली बाबांनी बुक करावी. सुट्टीत मिळते का, आणि कितीला, ते मलाही बघायचंय.

आई, गुडघ्याचा एक्स-रे सोबत ठेव. त्या रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांची ओपीडी कधी असते ते मी विचारून घेतलंय, आलोच आहोत तर दाखवून टाकू.

तुमची,
छोटी