नाव न घालता मानलेले आभार

आमच्या सीमाभागात साहित्य संमेलनं गावोगावी भरतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कारदगा. सकाळी ग्रंथदिंडी, मग परिसंवाद, कथाकथन, कविसंमेलन. बेळगावात तर १९२९, १९४६ आणि २००० साली मोठी मराठी संमेलनं झाली. अशा मातीत राहूनही मी बरीच वर्षं नुसती श्रोता होते. वही पिशवीत असायची, पण स्वतःला कवयित्री म्हणवून घ्यायचं धाडस होत नव्हतं.

ते ज्यांच्यामुळे आलं, त्यांचे हे जाहीर आभार.

नावनोंदणीच्या टेबलावर बसलेल्या त्या दादांचे. 'श्रोता की कवी?' असं त्यांनी विचारलं, मी गप्प राहिले. त्यांनी पिशवीतली वही बघितली आणि 'कवी'च्या रकान्यात माझं नाव घातलं.

वाचनालयात जुने दिवाळी अंक काढून ठेवणाऱ्या ताईंचे.

आणि सगळ्यात जास्त, बेळगावच्या शहापुरातल्या छापखान्यातल्या काकांचे. माझ्या कवितेतली माणसं 'काय करायलास?' असंच विचारतात. पुस्तकात हे शोभेल का, अशी मला धास्ती होती. काका म्हणाले, "बाई, एक अक्षर बदलू नका. हे दुसरं कोण लिहिणार?" मग प्रत्येक मुद्रित त्यांनी माझ्यासोबत बसून तपासलं. माझ्या बोलीला इतक्या आदरानं कुणी वाचेल, असं मला वाटलंच नव्हतं.

तिघांच्याही नावाची माझ्या पुस्तकाची प्रत छापखान्यात ठेवली आहे. येऊन घेऊन जावी, ही विनंती.